'लीज अँड लीफ': अपघातानंतरचा उन्हाळा आणि फार्लेचं घर

कोरांटी

'आवडते अल्बम' धाग्यावर मी फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश फोक-रॉक बँडच्या 'लीज अँड लीफ'चं नाव टाकलं, तेव्हा दोघातिघांनी विचारलं होतं, त्यात एवढं काय आहे? तिथे चार ओळींत उरकायला मन धजेना, म्हणून वेगळा धागा काढते आहे. लांबणार आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात १२ मे १९६९ पासून करावी लागते. बर्मिंगहॅमच्या 'मदर्स' क्लबमधला कार्यक्रम आटोपून बँड रात्रीच लंडनला परत निघाला होता. एम-वन महामार्गावर त्यांची व्हॅन रस्ता सोडून उलटली. ड्रमर मार्टिन लॅम्बल गेला, अवघ्या एकोणीस वर्षांचा. गिटारवादक रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिनही गेली. बाकीच्यांना दुखापती झाल्या. गायिका सँडी डेनी वेगळ्या गाडीनं परतत होती, म्हणून ती त्यात नव्हती.

बँड जेमतेम दोन वर्षांचा होता. उत्तर लंडनमधली पोरं, सायमन निकोलच्या घरी तालमी करायची. घराचं नाव 'फेअरपोर्ट', तेच बँडला चिकटलं. अमेरिकन गाणी ते फार छान वाजवत, लोक त्यांना इंग्लंडचं जेफरसन एअरप्लेन (अमेरिकेतला गाजलेला रॉक बँड) म्हणत. आता मार्टिन नाही म्हटल्यावर ती जुनी गाणी पुन्हा तशीच वाजवायला कुणाचा हात उचलेना. बँड मोडायचा की ठेवायचा इथपासून बोलणी झाली. ठेवायचा ठरला, पण वेगळं काहीतरी करायचं ठरवून.

त्या वेगळ्याची चाहूल अपघाताआधीच लागली होती. सँडी फोक क्लबांमध्ये गायची तेव्हापासून तिच्याकडे 'अ सेलर्स लाइफ' नावाचं एक जुनं खलाशी-गीत होतं. एका कार्यक्रमाआधी मागच्या खोलीत ती ते गायला लागली आणि बाकीचे तिच्यामागे वाजवत गेले. ते 'अनहाफब्रिकिंग' या अल्बमसाठी रेकॉर्ड करताना फिडलवादक डेव्ह स्वॉरब्रिकला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. अकरा मिनिटांचा तो तुकडा एका दमात वाजवलेला आहे, आणि ड्रमवर मार्टिन आहे. माझ्या लेखी 'लीज अँड लीफ'ची खरी पहिली ओळ तीच.

त्याच सुमाराला अमेरिकेतल्या 'द बँड' नावाच्या गटाचा पहिला अल्बम, 'म्यूझिक फ्रॉम बिग पिंक', त्यांच्या कानावर पडला होता. तो ऐकून त्यांच्या लक्षात आलं की अमेरिकन मातीतलं संगीत ती माणसंच असं करू जाणोत, आपण नक्कल करून काय साधणार. मग आपल्या मातीत काय आहे?

निर्माता जो बॉइडनं विंचेस्टरजवळ फार्ले चेंबरलेन नावाच्या खेड्यात एक मोठं जुनं घर भाड्यानं घेतलं आणि सगळ्यांना तिथे नेऊन ठेवलं. स्वॉरब्रिक आता कायमचा आला. ड्रमवर आला डेव्ह मॅटॅक्स, तो नाचाच्या हॉलमध्ये वाजवणाऱ्या बँडांतला. त्या घरात ते उन्हाळाभर राहिले, जेवले, झोपले आणि वाजवत बसले.

बेसवादक अ‍ॅशली हचिंग्जनं लंडनमध्ये सेसिल शार्प हाऊस या लोकसंगीत केंद्राच्या ग्रंथालयात ठाण मांडलं होतं. तिथून तो शब्द आणि चाली घेऊन यायचा. स्वॉरब्रिकला तर शेकडो चाली तोंडपाठ, लोकगायक मार्टिन कार्थीबरोबर तो वर्षानुवर्षं वाजवत आलेला.

आता मला ज्यासाठी हा धागा काढावासा वाटला ते. स्टुडिओत हे लोक गेले १६ ऑक्टोबरला आणि १ नोव्हेंबरला काम संपलं. त्यातही मोजकेच दिवस प्रत्यक्ष रेकॉर्डिंगचे. त्याआधी २४ सप्टेंबरला रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये लोकांसमोर हीच गाणी वाजवून झाली होती. म्हणजे स्टुडिओत शोधायचं काही उरलंच नव्हतं. हा अल्बम फार्लेच्या घरात तयार झाला, स्टुडिओनं तो टिपून घेतला. आणि हे घर नसतं, ते एकत्र जेवणं-झोपणं नसतं, तर ही माणसं त्या दुःखातून एकेकटी कुठे गेली असती कोण जाणे. सायमन निकोल रेकॉर्डिंग सुरू होण्याच्या तीन दिवस आधी एकोणीस वर्षांचा झाला. मार्टिन गेला त्या वयाचा. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी अल्बम पुन्हा पहिल्यापासून ऐकला.

दिमडी

कोरांटीताई, धागा काढलात फार बरं केलंत. मी ढोलकी वाजवतो, त्यामुळे माझा जीव मॅटॅक्समध्ये अडकलेला. त्याच्यावर लिहितो.

त्याची अडचण काय होती बघा. अल्बममधलं 'मॅटी ग्रोव्ह्ज' हे कथागीत आहे, एकामागून एक कडवं, सगळ्यांची चाल तीच. गाणं आठ मिनिटांचं आहे. रॉकचा ड्रमर अशा ठिकाणी दर कडव्याला भरणा करत सुटतो, कारण त्याला वाटतं, काहीच घडत नाहीये. अहो, घडतंय ते शब्दांत! मॅटॅक्सनं ते ओळखलं. तो जड आणि सरळ चालतो. ठोके कमी, पण प्रत्येक ठोका जमिनीला टेकलेला. गोष्ट पुढे जाते तसं थोडंसं वजन वाढवतो, बास. आमच्याकडे शाहिराच्या मागे वाजवणारा जाणता माणूस हेच करतो, शब्दावर कधी चढत नाही.

नाचाच्या बँडातून आल्याचा इथे फायदाच झाला, असं माझं मत. ज्यानं लोकांच्या पायांकडे बघून वाजवलंय त्याला लय हलू न देणं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही.

आणि अल्बममधला तो नुसत्या वाद्यांचा तुकडा घ्या. चार आयरिश नाचाच्या चाली एकाला एक जोडल्यात. पहिली 'द लार्क इन द मॉर्निंग', जिग, म्हणजे सहाचा हिशेब, आपल्या दादऱ्याच्या कानाला लगेच कळणारा. मग 'रेकिश पॅडी' ही रील, चारावर. मग 'फॉक्सहंटर्स जिग', ती नऊची, तीन-तीन-तीन. आणि शेवटी पुन्हा चारावर 'टॉस द फेदर्स'. सहा, चार, नऊ, चार. सांधे कुठे येतात ते हातानं टाळी देत ऐका. फिडलवाल्यांना या चाली पिढीजात ठाऊक, पण रॉक बँडच्या ड्रमसेटवर त्या बसवणं हे वेगळंच काम. नवीन माणसानं काही महिन्यांत हे बसवलं.

ऐलतीर

लेख आवडला, पण एक प्रामाणिक शंका. याला लोकसंगीत का म्हणायचं? पुस्तकालयात जाऊन शब्द शोधायचे, विजेच्या गिटारवर वाजवायचे, मोठ्या कंपनीकडून तबकडी काढायची. ज्या शेतकऱ्यांनी, खलाशांनी ही गाणी सांभाळली त्यांचा यात कुठे संबंध येतो? आपल्याकडेही असं चालतं आणि मला ते खटकतं. गाणं मूळ बाईच्या तोंडून उचलायचं आणि खाली 'पारंपरिक' लिहून मोकळं व्हायचं.

अनवट

ऐलतीर, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण 'मूळ' कुठे आहे हे शोधायला गेलं की या गाण्यांच्या बाबतीत हाताला भलतंच लागतं. तीन उदाहरणं देते.

'मॅटी ग्रोव्ह्ज' घ्या. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लिश आणि स्कॉटिश कथागीतांचा संग्रह प्रसिद्ध केला, एकूण ३०५ गाणी. त्यांनी तो मुख्यत्वे जुन्या पुस्तकांतून आणि हस्तलिखितांतून जमवला. हे गाणं त्यात ८१ क्रमांकावर आहे. हीच गाणी स्थलांतरितांबरोबर समुद्र ओलांडून अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगरात गेली होती. १९१६ ते १९१८ मध्ये लोकगीतांचे संग्राहक सेसिल शार्प तिथे फिरून ती उतरवून घेऊन आले. फेअरपोर्टनं शब्द इंग्लंडचे घेतले आणि चाल घेतली ती अ‍ॅपलाचियन 'शेडी ग्रोव्ह'च्या वळणाची. म्हणजे अमेरिकन नक्कल सोडून घरी परतलेल्या बँडच्या सर्वांत इंग्लिश गाण्याची चाल अमेरिकेतून आलेली आहे!

दुसरं, 'फेअरवेल, फेअरवेल'. शब्द रिचर्ड थॉम्पसनचे, चाल 'विली ओ विन्सबरी' या जुन्या गाण्याची. पण ती त्या गाण्याची चाल तरी कुठे होती? लोकगायक अँडी अर्व्हाइननं चाइल्ड यांच्या गाण्यांच्या संग्रहातून शब्द आणि चाल जुळवताना क्रमांकात गफलत केली आणि दुसऱ्याच कथागीताची चाल या शब्दांना लावली. ती इतकी सुंदर बसली की आज जगभर तेच 'विली ओ विन्सबरी' म्हणून गातात.

तिसरं, 'रेनार्डीन'. रानात बाईला भुलवून नेणारा पुरुष, जो कोल्हा असावा अशी शंका येत राहते. ही कोल्ह्याची गूढ छाया संग्राहक ए. एल. लॉइड यांनी आपल्या हातानं गडद केली होती, हे नंतर अभ्यासकांनी दाखवून दिलंय. फेअरपोर्टपर्यंत गाणं लॉइडमार्फतच पोचलं.

म्हणजे प्रत्येक हातानं काहीतरी बदललेलं आहेच. फेअरपोर्टचा हात त्या रांगेतला पुढचा, एवढंच.

ऐलतीर

अनवट, चुकीच्या चालीची गोष्ट माहीत नव्हती. तीनही उदाहरणं पटली. तरी एक भेद राहतोच: जुन्या हातांना पैसे मिळत नव्हते, नव्या हातांना मिळाले. 'पारंपरिक, संयोजन अमुक' असं लिहिलं की मानधन संयोजकाला जातं. हे बेकायदा नाही, पण म्हणून विसरूही नये.

कोरांटी

ऐलतीर, विसरू नये हे अगदी मान्य. फक्त त्यांनी ऋण झाकलं नाही हेही पाहा. मूळ तबकडीचं कव्हर उघडलं की आत छोट्या छोट्या चौकटी आहेत: प्राध्यापक चाइल्ड, सेसिल शार्प, कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टो गावच्या उत्सवातला सोंगाचा घोडा, स्कॉटलंडातला काटेरी बोंडं अंगभर चिकटवून गावभर फिरणारा 'बरी मॅन'. बँडनं आपले फोटो मोठे करायच्या जागी, हे आम्हाला कुठून मिळालं, ते छापलं. बहुतेक विशीतल्या पोरांनी. मला ते कव्हर हातात घेतलं की नेहमी भरून येतं.

दिमडी, सहा-चार-नऊ-चारबद्दल खूप आभार. मी इतकी वर्षं ऐकते आहे, पण हे मोजून कधी पाहिलं नव्हतं.

जुनी तबकडी

नमस्कार. मी इथे फार लिहीत नाही, पण विषय जिव्हाळ्याचा आहे.

स्टुडिओबद्दल थोडं. कोरांटी म्हणतात की स्टुडिओनं नुसतं टिपून घेतलं. त्यांच्या मुद्द्याशी सहमत असूनही, टिपून घेणं ही लहान गोष्ट नव्हे असं नम्रपणे सांगतो. साउंड टेक्निक्स हा लंडनच्या चेल्सी भागातला स्टुडिओ. १९६५ मध्ये जेफ फ्रॉस्ट आणि जॉन वुड यांनी तो एका जुन्या दूध डेअरीच्या इमारतीत उभा केला. इमारतीवर गाईचं मुंडकं कोरलेलं आहे. गायक निक ड्रेकचे अल्बमही तिथलेच, ध्वनिमुद्रक तेच जॉन वुड.

वुड यांच्या कामाची खूण अशी की वाद्यांमधली हवा ऐकू येते. 'टॅम लिन' लावा. एका बाजूला गिटारचे तोडलेले, जाडसर ठोके, त्यावर सँडीचा आवाज, आणि मधून फिडल येते ती दुसऱ्या टोकाहून. सगळेजण एका खोलीत एकाच वेळी वाजवताहेत हे कानाला कळतं. विजेची फिडल आणि विजेची गिटार एकमेकींच्या अगदी जवळच्या पट्टीत वाजतात, त्यांचा चिखल व्हायला एक क्षण लागत नाही. इथे दोघी वेगळ्या राहतात. थॉम्पसन आणि स्वॉरब्रिक एकमेकांना जागा देतात हे खरं, पण ती जागा टेपवर उतरवणारा माणूस काचेपलीकडे बसलेला होता.

याच सत्रांत 'सर पॅट्रिक स्पेन्स' हेही सँडीच्या आवाजात ध्वनिमुद्रित झालं होतं, पण अल्बममध्ये घेतलं नाही. ते पुष्कळ वर्षांनी सीडीच्या वाढीव आवृत्तीत आलं. ते न घेण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. तबकडीची लांबी ठरलेली, आणि 'मॅटी ग्रोव्ह्ज' व 'टॅम लिन' ही दोन मोठी कथागीतं पुरेशी आहेत. तिसऱ्यानं दमछाक झाली असती.

पाणकळा

मी बर्मिंगहॅममध्ये राहतो, एर्डिंग्टनपासून बसनं वीस मिनिटांवर. 'मदर्स' क्लब तिथल्या हाय स्ट्रीटवर होता, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. १९७१ मध्येच बंद पडला. आता भिंतीवर एक निळी पाटी आहे. खालून रोज शेकडो माणसं पिशव्या घेऊन जातात. मीही दोन वर्षं तसाच जात होतो. कोरांटीताईंचा धागा वाचल्यावर काल संध्याकाळी मुद्दाम उतरलो आणि उभा राहिलो थोडा वेळ. इथून ती व्हॅन निघाली. जिना उतरून, वाद्यं भरून, दमलेली पोरं.

दुसरी गोष्ट सांगायची तर क्रॉप्रेडी. ऑक्सफर्डशायरमधलं छोटं गाव, कालव्याकाठचं. तिथल्या शेतात दर ऑगस्टमध्ये फेअरपोर्टचा मेळा भरत आलाय. इथल्या कामावरच्या एका वयस्क सहकाऱ्यानं मला पहिल्यांदा नेलं. आपल्याकडच्या जत्रेसारखंच वातावरण: आजोबा, मुलगी, नातू, तिघंही एकाच गाण्यावर ओठ हलवताहेत. २००७ मध्ये तिथे 'लीज अँड लीफ' पूर्ण वाजवला होता, सँडीच्या जागी क्रिस व्हाइल गायल्या. मी तेव्हा इथे नव्हतो, पण हा सहकारी होता. तो एवढंच म्हणाला की 'टॅम लिन' सुरू झालं तेव्हा शेतात कुणी बोलत नव्हतं.

घाटवाट

मस्त धागा! मी हा अल्बम ऐकलेला नाही. इंग्रजी गाण्यातले शब्द मला पटकन कळत नाहीत, जुनी इंग्रजी तर नाहीच. कोणीतरी 'मॅटी ग्रोव्ह्ज' आणि 'टॅम लिन'ची गोष्ट सांगाल का? म्हणजे ऐकताना धरायला काहीतरी राहील.

अनवट

घाटवाट, सांगते.

'मॅटी ग्रोव्ह्ज': सणाचा दिवस. सरदाराची बायको देवळात येते, तिथे तिला हा गरीब तरुण मॅटी दिसतो. ती त्याला सरळ घरी बोलावते, नवरा गावाबाहेर आहे म्हणून सांगते. हे ऐकणारा एक नोकर मालकाला वर्दी द्यायला धावत सुटतो. वाटेत रुंद ओढा लागतो तेव्हा पायातलं काढून पोहत जातो. सरदार येतो. दोघं झोपलेले. तो मॅटीला उठवतो, नागव्या माणसाला मारलं असं लोकांनी म्हणू नये म्हणून कपडे घालायला लावतो, दोन तलवारींतली चांगली त्याला देतो, पहिला वारही त्यालाच करू देतो. मग एका घावात मारतो. बायकोला मांडीवर घेऊन विचारतो, आता कोण आवडतं? ती म्हणते, मेलेल्या मॅटीचं चुंबन मला तुझ्यापेक्षा प्रिय. तो तिलाही मारतो. आणि शेवटी हुकूम: दोघांना एकाच खड्ड्यात पुरा, पण हिला वर ठेवा, ही मोठ्या घराण्यातली आहे.

तो शेवटचा हुकूम ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. प्रेत झाल्यावरही वरखाली सुटत नाही. आणि शब्द तिथे संपतात. पुढे नुसती वाद्यं. बँड जवळजवळ गाण्याच्या निम्म्या लांबीचं वाजवतो, कारण यानंतर कुणी बोलणार काय?

'टॅम लिन' स्कॉटलंडच्या सीमाभागातलं, सेलकर्कजवळचं कार्टरहॉ हे रान आजही आहे. तिथे जाऊ नका, टॅम लिन आहे, असं पोरींना बजावलेलं असतं. जॅनेट जातेच. गुलाब खुडते, तो प्रकट होतो. पुढे तिला दिवस जातात. ती पुन्हा रानात जाते, तेव्हा कळतं की तो माणूसच आहे, पऱ्यांच्या राणीनं धरून ठेवलेला. हॅलोवीनच्या मध्यरात्री पऱ्यांची स्वारी निघते तेव्हा तिनं त्याला घोड्यावरून ओढून घट्ट धरायचं. तो तिच्या हातांत रूपं बदलत जाईल, हिंस्र प्राणी होईल, पण तिनं सोडायचं नाही. ती सोडत नाही. राणी चडफडते.

कोरांटी

अनवट, किती छान सांगितलंत. तुम्ही सांगितलेलं वाचताना एक गोष्ट पुन्हा जाणवली. गाणी निवडताना त्यांच्यापुढे शेकडो होती. निवडली काय? मरण, रूप बदलणारी माणसं, हातातून निसटू न देणं. 'द डिझर्टर'मध्ये सैन्यातून पुन्हा पुन्हा पळणारा आणि पुन्हा पुन्हा पकडला जाणारा शिपाई. थॉम्पसननं स्वतः लिहिलेलं 'क्रेझी मॅन मायकेल' तर सर्वांत थेट: एका कावळ्याच्या भाकितानं चिडून मायकेल त्याला मारतो आणि बघतो तर आपलीच प्रिया पडलेली. हे लिहिताना थॉम्पसन वीस वर्षांचा होता आणि मेमधल्या रात्रीला काही महिनेच झाले होते. चाल स्वॉरब्रिकची. सँडी ते इतकं शांत गाते की पहिल्यांदा ऐकताना मला ते अंगाईसारखं वाटलं होतं.

माझं म्हणणं असं की वीस वर्षांच्या मुलाकडे या दुःखासाठी स्वतःची भाषा नसते. इतकी मोठी भाषा त्याला कुठून मिळणार? जुन्या गाण्यांनी ती दिली. तीनचारशे वर्षं लोकांनी मरणाबद्दल गाऊन गाऊन शब्द झिजवून गुळगुळीत केले होते, ते हाताला टोचत नव्हते. म्हणून मला 'जुन्या गाण्यांचं आधुनिकीकरण' हे वर्णन इथे लागू पडतंच नाही. गाण्यांना बँडची गरज नव्हती, बँडला गाण्यांची होती.

दिमडी

कोरांटीताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावर रात्रभर विचार केला. माझ्या आजीच्या गावात बायका जात्यावर बसून मेलेल्या लेकराबद्दल, नांदवत नसलेल्या नवऱ्याबद्दल ओवी म्हणायच्या. स्वतःचं दुःख स्वतःच्या शब्दांत कुणी सांगत नसे, पण ओवीत सांगायला मोकळीक होती.

अनवट

दिमडी, अगदी. आणि ऐलतीर यांच्या आधीच्या आक्षेपाला धरून: गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या गेल्या, आणि ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या 'पारी' या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बायकांच्या नावासह, गावासह मिळतात. चाइल्ड यांच्या ३०५ च्या संग्रहात गाणाऱ्या बाईचा चेहरा दिसत नाही, इथे दिसतो. कुणी तरुण बँड फार्लेसारखा उन्हाळाभर या ओव्यांत जाऊन बसला तर मला फार आवडेल. मात्र आधी त्या बायकांना विचारून.

ऐलतीर

त्या शेवटच्या वाक्यासाठी मनापासून धन्यवाद, अनवट.

जुनी तबकडी

अल्बम आल्यानंतरचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. २ डिसेंबर १९६९ ला आयलंड कंपनीनं तो काढला आणि ब्रिटिश यादीत तो सतराव्या क्रमांकापर्यंत गेला. पण तबकडी दुकानात पोचली तेव्हा तो बँड उरलाच नव्हता. हचिंग्जना परंपरेत आणखी खोल जायचं होतं, सँडीला स्वतःची गाणी लिहायची होती. नोव्हेंबरमध्येच दोघं बाहेर पडले. हचिंग्ज यांनी स्टीलाय स्पॅन हा नवा बँड उभा केला, सँडीनं फॉदरिंगे. म्हणजे या सहा जणांचा एकत्र संसार एका उन्हाळ्याचा आणि एका शरदाचा. तेवढ्यात हे झालं.

२००६ मध्ये बीबीसी रेडिओ टूच्या फोक पुरस्कारांत श्रोत्यांनी याला आजवरचा सर्वांत प्रभावी फोक अल्बम म्हणून निवडलं. सँडी ते पाहायला नव्हती. १९७८ च्या एप्रिलमध्ये ती गेली, एकतीस वर्षांची. तिच्यासारखा आवाज मी त्यानंतर ऐकला नाही. ती सूर लांबवते तेव्हा त्याच्या टोकाला किंचित धूर असतो. याहून नेमकं मला सांगता येत नाही.

पाणकळा

सहा जणांचा संसार एका उन्हाळ्याचा... तबकडी काका, हे वाचून मी थबकलो. कोरांटीताई, तुमच्या मते ते का टिकले नाहीत? घर एकच, दुःख एकच, तरी?

कोरांटी

पाणकळा, मला वाटतं घरानं त्यांना उभं केलं आणि उभं राहिल्यावर प्रत्येकाला आपापली वाट दिसली. हचिंग्जना ग्रंथालयात घर सापडलं होतं. सँडी मुळातच लिहिणारी, दुसऱ्यांचे शब्द गात राहणं तिला पुरलं नसतं. अल्बमच्या पहिल्याच गाण्याला, 'कम ऑल यी'ला, या दोघांचीच नावं आहेत. 'या सगळेजण' म्हणून बोलावणारं गाणं ज्या दोघांनी लिहिलं, तेच आधी गेले. मला यात कुणाचाही दोष दिसत नाही.

घाटवाट, ऐकायचा क्रम विचारलात तर: आधी 'अ सेलर्स लाइफ', मार्टिनसाठी. मग 'लीज अँड लीफ' पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. चाळीसएक मिनिटांचं काम आहे. इअरफोन लावून ऐका, म्हणजे जुनी तबकडी म्हणतात ती हवा कळेल.

घाटवाट

ऐकला. काल रात्री नाशिकहून येताना बसमध्ये, तुम्ही सांगितलेल्या क्रमानं. कसाऱ्याचा घाट उतरताना 'मॅटी ग्रोव्ह्ज' चालू होतं. अनवटताईंनी गोष्ट सांगितली होती म्हणून एकेक ओळ पकडता आली. मी त्या नोकराची वाट बघत होतो, आणि तो ओढ्याशी पोचला, पायातलं काढलं, तेव्हा दिमडी म्हणतात तसा तो ड्रम खाली जड चालूच होता, अजिबात न घाबरता. पुढे काय होणार ते मला ठाऊक, ड्रमला ठाऊक, आणि नोकर पोहतोय.

त्याचं पुढे काय झालं? गाण्यात त्याचं नाव पुन्हा येतच नाही का?

अनवट

नाही येत, घाटवाट. काठावर त्याचे बूट राहतात, तेवढंच.